पिंजऱ्यातून वकिलांच्या टेबलापाशी

वकिलीची सनद मिळण्याआधी मी 11 वेळा कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहिलो होतो, साक्षीदार म्हणून. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. हद्दीच्या वादात दिवाणी कोर्ट कमिशन काढायचं, म्हणजे जागेवर जाऊन मोजायला माणूस नेमायचं, मी जाऊन मोजणी करायचो, नकाशा आणि अहवाल पाठवायचो. मग दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, त्याच नकाशावर साक्ष द्यायला समन्स यायचं.

त्यातली 2011 सालची एक साक्ष मला वकिलीकडे घेऊन आली. दावा एका विधवा बाईंविरुद्ध होता. शेजाऱ्याचं म्हणणं होतं की बाईंनी बांध कोरून अडीच गुंठे खाल्ले. कोर्टानं कमिशनला विचारलं होतं, गट नकाशाप्रमाणे अतिक्रमण आहे किंवा कसे. गट नकाशाप्रमाणे होतं. तसा अहवाल मी दिला. पण मोजणी करताना मी जुनं टिपणही सोबत नेलं होतं. जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत गट पडले त्याच्या आधीचा मूळ सर्व्हेचा तो कागद. बाईंची वहिवाट टिपणाशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे बांध जागचा हलला नव्हता, गट पाडताना नकाशावरची रेघच हलली असावी. हे मी माझ्या फील्डबुकात, म्हणजे जागेवरच्या नोंदींच्या वहीत, लिहून ठेवलं होतं. अहवालात लिहिलं नव्हतं, कारण कोर्टानं ते विचारलं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी वादीच्या वकिलांनी नकाशावरची सही माझीच का, एवढं विचारलं. बाईंच्या वकिलांनी उलटतपासात नोटिसा कुणाकुणाला दिल्या, पंच कोण होते, मोजणीला किती वेळ लागला हे विचारलं. टिपणाचं नाव कुणी काढलं नाही. मी वाट बघत होतो. एक-दोनदा मी स्वतःहून बोलायचा प्रयत्नही केला, तर "विचारलं तेवढंच सांगा" असं सांगण्यात आलं. 12-13 मिनिटांत मी बाहेर होतो.

बाहेर व्हरांड्यात बाई भेटल्या. "साहेब, सांगितलं का सगळं?"

मी म्हणालो, "विचारलं तेवढं सांगितलं, मावशी."

त्या दाव्याचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. त्यांनी अपील केलं नाही. अहवालात दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर, हा विचार मला आजही सोडत नाही. पण त्या वेळी मनानं घेतलं ते वेगळंच. मोजणी येणारा माणूस प्रश्न विचारायच्या बाजूला असायला हवा होता.

माझं शिक्षण म्हणजे बारावी आणि आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड. 1998 साली नोकरीला लागलो तेव्हा प्लेन टेबल आणि 33 फुटांची साखळी घेऊन रानात जायचो. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1 गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे 1 एकर. हे आकडे झोपेतही सुटत नाहीत. एलएलबीला पदवी लागते, म्हणून आधी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. त्यात काही वर्षं गेली. 2016 साली महाराष्ट्रात विधी प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली, त्या पहिल्याच वर्षी मी ती दिली. परीक्षा केंद्रावर गेटवरच्या माणसानं मला पालक समजून बाकावर बसायला सांगितलं. हॉलतिकीट दाखवलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि आत सोडायला आला.

तीन वर्षांचं एलएलबी, सकाळचं कॉलेज, खात्याची लेखी परवानगी. पहाटे पाचला उठून पहिली एसटी, तास संपले की तशीच परत आणि ऑफिस. विधी अभ्यासक्रमाला विषयागणिक 70 टक्के हजेरीची अट आहे, आणि मोजणीच्या तारखा हजेरी बघून पडत नाहीत. त्या तीन वर्षांत माझी एकही किरकोळ रजा घरच्या कामासाठी गेली नाही. मुलगी तेव्हा सातवी ते नववीत होती. तिच्या स्नेहसंमेलनाला मी एकदाही गेलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

वर्गातली मुलं 21-22 वर्षांची. ती मला काका म्हणायची आणि नोट्स द्यायची. कराराचा कायदा, अपकृत्यांचा कायदा, घटना हे सगळं मला अवघड गेलं, कारण मला वाचायची सवय नकाशांची. पुराव्याचा कायदा मात्र मी कादंबरीसारखा वाचला. सरतपास म्हणजे आपल्याच साक्षीदाराची तपासणी, उलटतपास, उत्तर सुचवणारे सूचक प्रश्न कुणी आणि केव्हा विचारायचे, दस्त शाबीत कसा करायचा: पिंजऱ्यात उभं राहून जे 11 वेळा अंगावर आलं होतं त्या प्रत्येक गोष्टीला कलम होतं. आता तो कायदाही बदलला. 1 जुलै 2024 पासून 1872 च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. आम्ही पाठ केलेले आकडे मागे पडले, तत्त्वं बरीचशी तीच राहिली.

2019 मध्ये निकाल लागला आणि खरा निर्णय समोर आला. नोकरी सांभाळून वकिली करता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही बरेच लोक तसं सुचवत होते. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. राज्य सरकारी नोकराला 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. माझी 21 झाली होती. आमच्या मंडळींनी एका वहीत पेन्शन, घराचा हप्ता, मुलीची फी असं सगळं मांडलं आणि म्हणाल्या, "पाच वर्षं काढू आपण. सहाव्या वर्षी मला हिशोब द्यायचा." त्या वहीचं पान मी अजून जपून ठेवलं आहे.

मुंबईला जाऊन महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद घेतली. तेव्हा भरलेली रक्कम अधिवक्ता कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलेल्या रकमेच्या कितीतरी पट होती. पुढे 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच नोंदणी फी घ्यायची, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपये. आधी भरलेले पैसे परत मिळणार नाहीत हेही त्याच निकालात आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या बारमधल्या दोन मुली केवळ त्या निकालामुळे कर्ज न काढता सनद घेऊ शकल्या, याचा मला मनापासून आनंद आहे.

सनदेनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. 100 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला मला 40 टक्के हवे होते. पेपर मराठीतही मिळतो, मी मराठीतूनच दिला. पास झालो.

त्याआधी, 2020 च्या जानेवारीत, मी तालुक्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर म्हणून जाऊ लागलो होतो. सरांचं वय सत्तरच्या घरात, काम सगळं दिवाणी. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "तुम्हाला जमिनीचं माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोर्टाचं काही कळत नाही. वर्षभर फक्त बघायचं." दोन महिने बघितलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. कोर्ट जवळजवळ बंद. पक्षकार फोनवर रडकुंडीला आलेले, की दाव्याची मुदत संपतेय. सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 पासूनचा काळ मुदतीतून वगळला आणि ती सवलत पुढे 28 फेब्रुवारी 2022 पर्यंत राहिली. ते आदेश मी मराठीत साध्या भाषेत लिहून काढायचो आणि सर ते पक्षकारांना वाचून दाखवायचे. वकील म्हणून माझं पहिलं उपयोगी काम ते.

कोर्ट सुरू झाल्यावर कळलं की कॉलेजात यातलं काहीच आलं नव्हतं. वकीलपत्र कसं भरायचं, रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद, कसा वाचायचा, बोर्डावर आपलं प्रकरण कितव्या नंबरला आहे ते बघून कुठल्या कोर्टात आधी उभं राहायचं, मुदतीच्या अर्जात काय कारण लिहायचं आणि काय लिहायचं नाही, पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणं, कधी द्यायची, नक्कल विभागात अर्ज करून पोच कुठं सांभाळायची. 21 वर्षं सरकारी कार्यालयात काढलेला मी कारकुनाच्या टेबलापुढे गोंधळून उभा राहायचो. शिरस्तेदार मला आधीपासून ओळखायचे. एकदा हळूच म्हणाले, "साहेब, आता तुम्ही त्या बाजूनं नाही, या बाजूनं यायचं." मी सवयीनं साक्षीदारांच्या बाकाकडे निघालो होतो.

एक काम मात्र मला पहिल्या दिवसापासून आलं, ते म्हणजे मिळकतीचं वर्णन. दावा स्थावर मिळकतीचा असेल तर ती ओळखता येईल असं वर्णन दाव्यात लागतं, चतुःसीमा किंवा सर्व्हे-गट नंबर. अनेक जण जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमा तशाच उतरवतात. त्यात "पूर्वेस अमक्याची जमीन" असं असतं आणि तो अमका 30 वर्षांपूर्वी जमीन विकून गेलेला असतो. मी रानात जाऊन बांधावर उभा राहून चतुःसीमा लिहितो, सोबत हातनकाशा जोडतो. सरांनी माझा पहिला मसुदा वाचला, वर्णनाच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "हा परिच्छेद 40 वर्षांत मी असा लिहिला नाही." बाकीचा मसुदा त्यांनी पुन्हा लिहायला लावला. दाव्यास कारण कधी घडलं ही तारीखच मी घालायची विसरलो होतो.

आमच्या बाररूममध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे. 1923 साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करण्याआधी ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. त्या फोटोखालच्या टेबलाभोवती आम्ही बसतो, आणि आमच्यात सरळ शाळेतून लॉ कॉलेजात आणि तिथून कोर्टात आलेले निम्मेच असतील. एक मॅडम आधी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. मोटार अपघाताच्या दाव्यात डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं की कुठल्या दिवशीची नोंद मागाहून लिहिली आहे ते त्या शाईवरून नाही, औषधांवरून सांगतात. एक निवृत्त बँक अधिकारी फक्त चेकची प्रकरणं करतात: चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. हे ते बोटांवर मोजतात आणि पक्षकाराला कॅलेंडरवर गोल करून देतात. एक हवालदार होते, आता फौजदारी बचावाचं काम करतात, आणि पंचनाम्यातली गाळलेली जागा त्यांना आपोआप दिसते.

वडील-आजोबा वकील असलेली मुलंही आहेत. त्यांना घरातूनच ग्रंथालय आणि पक्षकार मिळतात, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या पाच वर्षांत टिकणं ज्यांना सगळ्यात जड जातं ती मुलं वेगळीच. त्यांच्या हाती आधीचा व्यवसाय नाही, घरची गादी नाही, पेन्शन नाही. त्यांच्यातली बरीचशी न्यायाधीश व्हायच्या परीक्षेची तयारी करत असतात. 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. निर्णय मला योग्य वाटतो, तीन वर्षं कोर्टात उभं राहिल्याशिवाय न्यायाच्या खुर्चीत बसू नये. पण ही तीन वर्षं ती मुलं खाणार काय, याची जबाबदारी आम्ही ज्येष्ठांनी घ्यायला हवी. ज्युनियरला पैसे न देणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. सरांनी मला पहिल्या महिन्यापासून पैसे दिले. पेट्रोल निघेल एवढेच होते, पण पाकिटात घालून माझं नाव लिहून दिले.

माझ्याकडे स्वतःहून आलेला पहिला पक्षकार मी परत पाठवला. बांधाचाच वाद, चांगली फी देणारा माणूस, आणि तो माझ्याकडे आलाच होता त्यासाठी की त्याची मोजणी 2014 साली मीच केली होती. "तुम्हाला सगळं माहीत आहे साहेब, तुम्हीच उभे राहा." मला मोह झाला. सरांना सांगितलं तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "उद्या विरुद्ध बाजूनं तुम्हालाच साक्षीला बोलावलं तर?" बार कौन्सिलच्या नियमांत ते सरळ लिहिलेलं आहे: ज्या कामात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल असं मानायला कारण आहे, ते काम वकिलानं घेऊ नये. त्याच संध्याकाळी त्या माणसाला नाही म्हणालो. तो रागावून गेला. माझ्या 21 वर्षांच्या मोजण्या या तालुक्यात जिथं जिथं झाल्या आहेत, तिथं तिथं माझ्यासाठी ही रेघ आखलेली आहे.

2024 च्या शेवटी उलटतपासाचा तो दिवस आला. सरांच्या प्रकरणात कोर्ट कमिशनर म्हणून आलेल्या भूकरमापकाचा उलटतपास मी घ्यायचा होता. नकाशात आमच्या पक्षकाराचं दीड गुंठा अतिक्रमण दाखवलं होतं. साक्षीदार तिशीचा मुलगा, रोव्हरनं, म्हणजे उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या यंत्रानं, मोजणी केलेली, नकाशा स्वच्छ, सही ठसठशीत. मी तो नकाशा आठवडाभर पाहत होतो. यंत्र चोखच होतं. प्रश्न होता की त्यानं सुरुवात कुठल्या खुणेपासून केली. हद्दीचा जुना दगड धरला, की चालू वहिवाटीचा बांधच खरा धरून त्यावर नकाशा बसवला?

मी उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात चुकलो. म्हणालो, "लगतचे गट मोजल्याशिवाय आणि मूळ टिपण घेतल्याशिवाय फक्त एका गटाची हद्द कायम करता येत नाही, कारण एकत्रीकरणाच्या वेळी..." आणि बोलतच गेलो. न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, साक्ष तुम्ही देताय की ते?" टायपिस्टची बोटं थांबलेली. माझं एकही वाक्य कागदावर आलं नव्हतं, येणारही नव्हतं.

मी पाणी प्यायलो. मग विचारलं, "मोजणीच्या वेळी मूळ टिपण तुमच्याकडे होतं?"

"नाही."

"कार्यालयाकडे मागितलं होतं?"

"नाही."

"लगतच्या गटांची मोजणी केली?"

"नाही."

तीन प्रश्न, तीन "नाही", आणि टायपिस्टची तीन वाक्यं. चौथा प्रश्न जिभेवर आला होता, का नाही मागितलं? सरांनी कोटाची बाही ओढली आणि मी खाली बसलो. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. महिन्याला किती प्रकरणं डोक्यावर असतात, टिपणांचे कागद हात लावला की कसे तुटतात, वरून तारखेचा तगादा कसा असतो, हे त्या मुलानं सांगितलं नसतं तरी मी सांगू शकलो असतो. पण त्या टेबलापाशी उभ्या माणसाला सांगायचा अधिकार नाही. पिंजऱ्यात होतो तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं आणि कुणी विचारत नव्हतं. आता विचारायचा अधिकार आहे, तर माझ्याकडचं उत्तर मला वापरता येत नाही. हे पचायला मला चार वर्षं लागली होती, आणि त्या दिवशीही पुरतं पचलेलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तो मुलगा व्हरांड्यात माझ्यापाशी आला. नमस्कार केला, खात्यातला ज्येष्ठ म्हणून. "सर, एक सांगू? उत्तरेच्या कोपऱ्याला एक जुना दगड मला सापडला होता. बाभळीच्या बुंध्यात गेलेला. फील्डबुकात लिहिलाय मी. अहवालात नाही लिहिला. मला वाटलं तुम्ही तरी विचाराल."

मी त्याला तिथंच थांबवलं. त्याच्याशी याहून जास्त बोलणं बरोबर नव्हतं. तसाच सरांकडे गेलो. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो दगड आपल्या विरुद्धही जाऊ शकतो. पक्षकाराला आधी विचारा."

पक्षकार साठीचे शेतकरी, बाहेर लिंबाच्या पारावर बसले होते. त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. दगड मिळाला तर मोजणी पुन्हा होईल, आणि त्यात दीडाचे दोन गुंठेही होऊ शकतात. नाही मागितला तर आज जे तीन "नाही" मिळाले त्यावर युक्तिवाद करता येईल. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "दगड माझ्या आज्यानं बघितलेला असणार. हाय तिथं हाय त्यो. मागवा."

दुपारनंतर मी अर्ज लिहिला: साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यात यावं आणि मोजणीचं मूळ फील्डबुक हजर करण्याचा आदेश व्हावा. कारणाच्या परिच्छेदात बाभळीचा उल्लेख केला नाही, फक्त "मोजणीच्या वेळी जागेवर आढळलेल्या खुणा" एवढं लिहिलं. सरांनी एकही शब्द बदलला नाही. अर्जाला प्रकरणातला कागदाचा नंबर, निशाणी 47, पडला. विरुद्ध बाजूनं आपलं लेखी म्हणणं द्यायला मुदत मागितली, आणि मॅडमनी पुढची तारीख दिली.